शेजाऱ्याला वळसा घालून जगाशी धंदा

ह्या वेळचा विषय होता ग्लोबलायझेशन आणि शेजारी देश. प्रश्न भरपूर आले, बरेचसे एकमेकांसारखे, म्हणून काही एकत्र केलेत, काही कापलेत, राग नसावा. आणि ज्यांना परीक्षेत लिहायला सुटसुटीत सहा मुद्दे हवे होते त्यांची थोडी निराशा होणारे, कारण ह्या विषयातले मुद्दे एकमेकांत इतके गुंतलेत की सुटे काढले की खोटे वाटायला लागतात.

प्रश्न: सर, मी राज्यशास्त्रात एम.ए. करतेय. पुस्तकात एका धड्यात लिहिलंय की जग एक बाजारपेठ झालं, आणि पुढच्याच धड्यात युरोपियन युनियन, आसियान (आग्नेय आशिया), मर्कोसुर (दक्षिण अमेरिका), नाफ्टा (अमेरिका-कॅनडा-मेक्सिको) असे गट. सगळं जगच एक होणार असेल तर शेजाऱ्याशेजाऱ्यांनी वेगळे गट कशाला करायचे? हे दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध नाहीत का?

कागदावर बघितलं तर थोडे विरुद्ध आहेतच. १९४७ चा गॅट म्हणजे जागतिक व्यापाराच्या नियमांचा करार, त्याचा पाया असा की तुम्ही एका देशाला आयात करात सवलत दिलीत की तीच सवलत बाकीच्या सगळ्या सदस्यांनाही द्यायची, कोणी लाडका नाही कोणी दोडका नाही. पण त्याच करारात चोविसावं कलम आहे, आणि ते म्हणतं की काही देशांनी आपसातल्या जवळपास सगळ्या व्यापारावरचे कर काढले तर ती सवलत त्यांना आपल्या गटापुरती ठेवता येईल. म्हणजे जागतिक नियम लिहितानाच शेजाऱ्यांच्या गटांसाठी दार उघडं ठेवलेलं होतं. आज जे मोठे गट दिसतात ते बहुतेक ह्याच दारातून आत आलेत.

आता तारखा बघ, मजा वाटेल. मर्कोसुर १९९१, आसियानचा फ्री ट्रेड एरियाचा करार १९९२, युरोपियन युनियन बनवणारा मास्ट्रिक्ट करार १९९२, नाफ्टा लागू झाला १ जानेवारी १९९४ ला आणि जागतिक व्यापार संघटना सुरू झाली १ जानेवारी १९९५ ला. सगळं चार-पाच वर्षांत! हा योगायोग नव्हता. १९८६ मध्ये गॅटच्या वाटाघाटींची उरुग्वे फेरी सुरू झाली, ती इतकी रेंगाळली की १९९० च्या डिसेंबरात ब्रुसेल्सला शेतीच्या अनुदानांवरून बोलणी मोडलीच, आणि मग प्रत्येकाला वाटायला लागलं की जगाचं काय व्हायचं ते होवो, निदान बाजूच्यांशी तरी काहीतरी पक्कं करून ठेवू. त्यात परत युरोप एकत्र येतोय म्हटल्यावर अमेरिकेला भीती, अमेरिका-कॅनडा-मेक्सिको जमताहेत म्हटल्यावर आशियाला भीती, अशी ती साखळी. सगळं जग खुलं होतंय म्हणून गट झाले, आणि सगळं जग खुलं होणार नाही ह्या भीतीनेही गट झाले. दोन्ही कारणं एकाच वेळी खरी होती.

अजून एक गोष्ट, अंतर. यान टिनबर्गेन नावाच्या डच अर्थशास्त्रज्ञाने १९६२ मध्ये मांडलं की दोन देशांमधला व्यापार त्यांच्या अर्थव्यवस्थांच्या आकाराबरोबर वाढतो आणि अंतराबरोबर कमी होतो, ह्याला ग्रॅव्हिटी मॉडेल म्हणतात. कंटेनर आले, विमानं स्वस्त झाली, इंटरनेट आलं, लोक म्हणाले आता अंतर संपलं, पण आकडे काढले की अंतर अजून तिथंच असतं! त्यामुळे जग कितीही सपाट झालं तरी जवळचा देश हा गिऱ्हाईक म्हणून सोयीचाच असायला हवा. "असायला हवा" म्हणतोय, असतोच असं नाही, ते पुढच्या प्रश्नांत येईलच.

पेपरसाठी एक जास्तीचं सांगून ठेवतो. जेकब वायनर ह्या अर्थशास्त्रज्ञाने १९५० मध्ये दाखवलं होतं की गट केला की दोन गोष्टी होऊ शकतात, एक म्हणजे खरोखर नवा व्यापार तयार होतो, आणि दुसरी म्हणजे बाहेरचा स्वस्त विक्रेता फक्त कर लागतो म्हणून मागे पडतो आणि आतला महाग विक्रेता पुढे येतो. दुसऱ्या प्रकारात गटातले शेजारी खूश आणि एकूण नुकसान. अर्थशास्त्रज्ञ जगदीश भगवतींचा राग ह्याच्यावरच होता, करारांवर करार, प्रत्येकाचे माल कुठे बनला हे ठरवायचे नियम वेगळे, त्या गुंत्याला त्यांनी १९९५ मध्ये स्पॅगेटी बोल म्हटलं.

प्रश्न: फ्री ट्रेड एरिया, कस्टम्स युनियन आणि कॉमन मार्केट ह्यात नेमका फरक काय? दर वेळी गोंधळ होतो.

फ्री ट्रेड एरियात आपसात कर नाहीत पण बाहेरच्या जगाशी प्रत्येकाचे दर वेगवेगळे. कस्टम्स युनियनमध्ये बाहेरच्यांसाठीही सगळ्यांचा दर एकच, त्यामुळे बाहेरच्या देशांशी व्यापार करारही एकत्रच करावे लागतात, एकट्याने परस्पर जायचं नाही. कॉमन मार्केटमध्ये मालाबरोबर माणसं, भांडवल आणि सेवाही मोकळ्या. पायरी चढत जाल तसा आपल्या राजधानीतला अधिकार थोडा थोडा सुटत जातो, भांडणं तिथंच होतात.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षक आहे, इतिहास शिकवला. आम्ही मुलांना सांगायचो की व्यापार वाढला की युद्धं होत नाहीत, युरोपचं उदाहरण द्यायचो. युक्रेननंतर ते सांगायला जीभ रेटत नाही. तुम्हाला काय वाटतं?

गुरुजी, तुम्ही शिकवलंत ते अर्धं बरोबरच होतं. पण युरोपच्या उदाहरणात एक गोष्ट आपण सगळेच घाईत ओलांडून जातो. ९ मे १९५० ला फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रॉबेर शूमान यांनी जो प्रस्ताव मांडला तो "आपण जास्त व्यापार करू" असा नव्हताच. फ्रान्स आणि जर्मनीचा कोळसा आणि पोलाद एका सामाईक अधिकार मंडळाच्या ताब्यात द्यायचं असा तो होता. तेव्हा तोफा, रणगाडे, दारूगोळा सगळं कोळसा आणि पोलादातूनच व्हायचं, म्हणजे एकाने गुपचूप युद्धाची तयारी करायची म्हटली तरी दुसऱ्याला दिसणार. १९५१ मध्ये पॅरिसला सहा देशांनी सह्या केल्या, फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग. सामाईक बाजाराचा १९५७ चा रोमचा करार त्याच्या नंतरचा. आधी सामाईक संस्था आली, बाजार मागाहून मोठा झाला, आणि डोक्यावर सोव्हिएत युनियनची भीती आणि अमेरिकेचा पैसा हे दोन्ही होतं ते वेगळंच.

नुसत्या व्यापाराने शांतता येत असती तर १९१४ झालंच नसतं. ब्रिटन आणि जर्मनी तेव्हा एकमेकांची मोठी गिऱ्हाईकं होती, तरी चार वर्षं एकमेकांना मारत बसले.

रशियाच्या गॅसचं तर अजून वेगळं. शीतयुद्धाच्या काळापासून पाइपलाइन टाकल्या, विचार असा की त्यांना पैसे हवेत आपल्याला गॅस हवा, दोघंही नीट वागतील. नॉर्ड स्ट्रीमची पहिली पाइपलाइन २०११ मध्ये सुरू झाली आणि तिची गंमत अशी की ती बाल्टिक समुद्राखालून सरळ जर्मनीत जात होती, मधल्या पोलंडला आणि युक्रेनला पूर्ण वळसा! ते देश तेव्हापासून ओरडत होते की हा धंदा नाही राजकारण आहे. २०१४ मध्ये क्रायमिया गेला तरी दुसरी पाइपलाइन टाकायचं काम पुढे झालंच. २०२१ पर्यंत युरोपियन युनियन बाहेरून जो गॅस आणत होती त्यातला साधारण ४० टक्के रशियाचा होता. मग फेब्रुवारी २०२२. मॉस्कोने हिशेब केला की युरोप गॅससाठी गप्प बसेल, बर्लिनने हिशेब केला होता की रशिया पैशासाठी गप्प बसेल, आणि दोघांचेही हिशेब चुकले.

मला ह्यातून असं वाटतं की एकमेकांवर अवलंबून असणं हे सगळं एका जातीचं नसतं. एक विकतो आणि दुसरा घेतो, एवढ्यावर नातं उभं असेल तर ते नातं म्हणजे एकाच्या हातातला नळ, कधीही बंद करता येतो. दोन्हीकडच्या कारखान्यांत एकाच वस्तूचे पार्ट बनत असतील तर तोडताना दोघांनाही रक्त येतं, म्हणून माणसं दहादा विचार करतात. अशी पार्ट्सची साखळी असली तरी भांडण होत नाही असं नाहीच हं, जपान आणि दक्षिण कोरिया बघा. १९१० ते १९४५ च्या वसाहतीच्या काळात ज्या कोरियन लोकांना सक्तीने कामाला लावलं त्यांना जपानी कंपन्यांनी भरपाई द्यावी असा निकाल २०१८ मध्ये कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने दिला, आणि जुलै २०१९ मध्ये जपानने सेमीकंडक्टर आणि डिस्प्लेसाठी लागणाऱ्या तीन रसायनांच्या निर्यातीवर बंधनं आणली. कोरियात जपानी मालावर बहिष्कार सुरू झाला. दोन्हीकडे लोकशाही, दोन्हीकडे अमेरिकेचं सैन्य, दोन्हीकडच्या कंपन्या एकमेकांत गुंतलेल्या, तरी जुनं दुखणं वर आलंच! पण तोफा निघाल्या नाहीत, कंपन्या मागच्या दाराने काम चालू ठेवत राहिल्या आणि २०२३ मध्ये ती बंधनं उठली. तेव्हा पोरांना अजूनही सांगायला हरकत नाही, फक्त "युद्धं होत नाहीत" च्या जागी "युद्ध महाग पडतं" म्हणा, आणि महाग असूनही काही लोक विकत घेतात हेही सांगा.

प्रश्न: सार्क आणि आसियान दोन्ही शेजाऱ्यांचेच गट, दोन्हीकडे गरीब देश, दोन्हीकडे जुनी भांडणं. मग आसियान एवढी पुढे गेली आणि सार्क जागच्या जागी, असं का? सगळा दोष भारत-पाकिस्तानचाच का?

भारत-पाकिस्तान हे कारण आहेच, त्यावर पांघरूण घालायला नको. नोव्हेंबर २०१४ मध्ये काठमांडूला अठरावी शिखर परिषद झाली, पुढची २०१६ मध्ये इस्लामाबादला व्हायची होती, उरीच्या हल्ल्यानंतर भारताने जायला नकार दिला, इतरांनीही दिला, आणि तेव्हापासून शिखर परिषद झालेलीच नाही. २०१९ मध्ये पुलवामानंतर भारताने पाकिस्तानी मालावर २०० टक्के कर लावला. सार्कच्या सनदेत निर्णय एकमताने घ्यायचे आणि दोन देशांमधले वादाचे विषय चर्चेला आणायचेच नाहीत असं लिहिलंय. म्हणजे भांडण बोलायचं नाही, आणि भांडण आहे म्हणून बाकी काही ठरवायचंही नाही, अशी कोंडी.

पण एवढंच म्हणून थांबलो तर आसियानचं कोडं सुटत नाही. कारण तेही एकमतानेच चालतात, तेही एकमेकांच्या घरात नाक खुपसत नाहीत, आणि सुरुवात तर काय भयंकर होती. १९६३ ते १९६६ इंडोनेशिया मलेशियाविरुद्ध अघोषित लढाई लढत होता, १९६५ मध्ये सिंगापूर मलेशियातून बाहेर पडलं, फिलिपीन्सचा सबाहवर दावा होता. आणि ऑगस्ट १९६७ मध्ये हेच लोक थायलंडला सोबत घेऊन बँकॉकमध्ये सह्या करतात! पहिली वीस-पंचवीस वर्षं आपसातला व्यापार फारसा वाढला नाही, नुसत्या बैठका, हसणं, फोटो. लोक तेव्हा त्यांनाही नावं ठेवायचे.

फरक पडला तो बाहेरून. १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात पाच बड्या देशांनी डॉलर उतरवायचं ठरवलं, जपानी येन जोरात वर गेला, जपानात बनवून निर्यात करणं परवडेना म्हणून जपानी कंपन्यांनी कारखाने आग्नेय आशियात हलवायला सुरुवात केली. आणि त्या कंपन्यांनी एका देशात सगळं बनवलं नाही. टोयोटाचं बघा, तिच्या एका मोठ्या प्रकल्पात डिझेल इंजिन थायलंडमध्ये, पेट्रोल इंजिन इंडोनेशियात, गिअरबॉक्स फिलिपीन्समध्ये, असे पार्ट्स इकडून तिकडे फिरायचे. आता प्रत्येक सीमेवर कर लागला तर गाडी परवडणार कशी? मग कंपन्याच सरकारांच्या मागे लागल्या की कर काढा, आणि १९८८ पासून आसियानने कारच्या पार्ट्ससाठी सवलतीच्या योजना काढायला सुरुवात केली, १९९२ चा मोठा करार नंतरचा. म्हणजे आग्नेय आशियाला जवळ आणलं ते बऱ्याच अंशी जपानी कारखानदारांनी, आणि हे मी कमीपणा म्हणून सांगत नाहीये. सरकारांनी निदान अडवलं नाही. १९९५ मध्ये त्यांनी व्हिएतनामला आत घेतलं, ज्याच्या भीतीने हा गट टिकून होता त्यालाच! हे मात्र शुद्ध राजकीय शहाणपण.

दक्षिण आशियात ही साखळी कधी आलीच नाही. आणि माझं ह्या सगळ्या विषयावरचं खरं म्हणणं हेच आहे, की ग्लोबलायझेशनने शेजाऱ्यांना जवळ आणलं असं आपण सरसकट म्हणतो, पण त्याने शेजाऱ्याकडे पाठ करून बसायची सोयही करून दिली. बांगलादेश तयार कपडे युरोप-अमेरिकेला विकतो, श्रीलंकाही तेच करते, भारताच्या सॉफ्टवेअर कंपन्यांचं मोठं गिऱ्हाईक अमेरिकेत, मजूर आखातात, तिथून येणारे पैसे हा नेपाळ, बांगलादेश, पाकिस्तान सगळ्यांचा आधार. ज्याचं पोट दूरच्या गिऱ्हाइकावर चालतं त्याला शेजाऱ्याशी जुळवून घ्यायची घाई का असावी? शंभर वर्षांपूर्वी शेजाऱ्याशी भांडण परवडत नव्हतं कारण मीठमिरची तिकडूनच यायची, आता जहाजाने कुठूनही येते. साफ्टा हा सार्कचा फ्री ट्रेड करार २००४ मध्ये झाला, २००६ पासून लागूही झाला, पण प्रत्येकाने "हे सोडून" म्हणून लांबलचक याद्या जोडल्या, आणि ज्या वस्तू शेजारी खरोखर विकू शकेल त्याच नेमक्या त्या याद्यांत. युरोपियन युनियनमधल्या देशांचा साधारण ६० टक्के व्यापार आपसात होतो, आसियानमध्ये पाचवा हिस्सा किंवा थोडा जास्त, दक्षिण आशियात जेमतेम ५ टक्के.

आणि राजकारण बंद झालं म्हणून माल थांबतो असंही नाही. भारत-पाकिस्तानचा कितीतरी माल वर्षानुवर्षं दुबईवरून फिरून जात होता, समोर वाघा-अटारी आणि माल अरबी समुद्रावर!

आकाराचं एक वाक्यात सांगतो. आसियानमध्ये सगळ्यात मोठा इंडोनेशिया असला तरी बाकीचे मिळून त्याच्याहून मोठे आहेत, सार्कमध्ये भारत बाकीच्या सगळ्यांना एकत्र केलं तरी त्यांच्या कितीतरी पट, त्यामुळे भारताने एक पाऊल पुढे टाकलं की दादागिरी वाटते आणि मागे घेतलं की दुर्लक्ष वाटतं.

प्रश्न: वरच्याशी जोडूनच, मोठ्या शेजाऱ्याजवळ राहणाऱ्या लहान देशांनी काय करायचं? जगाचा बाजार त्यांच्या फायद्याचा की तोट्याचा?

कॅनडाचे पंतप्रधान पिएर ट्रूडो १९६९ मध्ये वॉशिंग्टनला म्हणाले होते की तुमच्याशेजारी राहणं म्हणजे हत्तीशेजारी झोपण्यासारखं, हत्ती कितीही शांत असला तरी त्याची प्रत्येक हालचाल आणि घुरघुर जाणवते. ह्याच कॅनडाने पुढे अमेरिकेशी फ्री ट्रेड केला आणि आज त्याची निर्यात बहुतांशी अमेरिकेलाच जाते, आणि २०२५ मध्ये अमेरिकेने टॅरिफ लावले तेव्हा तिथल्या लोकांना आपण किती अडकलोय ते एकदम दिसलं.

जगाचा बाजार लहान देशाला एक गोष्ट देतो, दुसरा दरवाजा. पण दरवाजा समुद्राकडे असेल तर उपयोग. नेपाळला समुद्र नाही. २०१५ मध्ये नव्या राज्यघटनेनंतर सीमेवरची वाहतूक काही महिने अडली, नेपाळ म्हणत होता की भारताने नाकेबंदी केली, भारत म्हणत होता की मधेशी आंदोलनामुळे ट्रक जात नाहीत, आणि भूकंपातून नुकत्याच सावरणाऱ्या देशात इंधन आणि औषधं संपली. लगेच मार्च २०१६ मध्ये नेपाळने चीनशी ट्रान्झिट करार केला. हिमालय ओलांडून चिनी बंदरांपर्यंतचं अंतर बघता तो रस्ता रोजच्या मालासाठी कोलकाता बंदराची जागा घेणार नाही हे दोन्हीकडे माहीत होतं, पण सही करायची ती दिल्लीला दिसावी म्हणून. आणि नंतर काय झालं बघा, २०१९ मध्ये मोतिहारीहून अमलेखगंजपर्यंत पेट्रोलियमची पाइपलाइन सुरू झाली, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये नेपाळची ४० मेगावॅट वीज भारताच्या तारांवरून बांगलादेशात गेली. वीज थोडीच आहे. पण ह्या भागात तीन देश एका तारेवर येणं हीच मोठी गोष्ट, आणि ती ढाक्यात सरकार बदलल्यानंतरच्या तणातणीतही झाली.

उलटंही होतं. कतारला त्याच्याच शेजाऱ्यांनी, गल्फ को-ऑपरेशन कौन्सिलच्या काही सदस्यांनी, जून २०१७ मध्ये वाळीत टाकलं, जमिनीची एकमेव सीमा बंद. कतारकडे गॅस होता, बंदर होतं, जगभर गिऱ्हाईक होतं, तुर्कस्तान आणि इराण मदतीला आले, त्याने जवळजवळ साडेतीन वर्षं काढली आणि जानेवारी २०२१ मध्ये शेजाऱ्यांनीच दार उघडलं. नेपाळकडे ते नव्हतं.

प्रश्न: सगळे मालाबद्दल बोलतात, माणसांचं काय? सीमा उघडल्याने सीमेवरच्या लोकांना काय मिळतं?

हा प्रश्न एकट्यानेच विचारलाय आणि मला तोच सगळ्यात आवडला. आयर्लंडची सीमा घ्या. स्वतंत्र आयर्लंड आणि ब्रिटनमधला उत्तर आयर्लंड यांच्यामधली जवळपास ५०० किलोमीटरची रेषा, तिच्यावर दोनशेपेक्षा जास्त रस्ते. हिंसाचाराच्या तीस वर्षांत ह्यातले कित्येक रस्ते लष्कराने खड्डे खणून, काँक्रीट टाकून बंद केले होते. १९९३ मध्ये युरोपचं सिंगल मार्केट आलं आणि कस्टम्सची ठाणी बिनकामाची झाली, १९९८ चा गुड फ्रायडे हा शांतता करार झाला आणि हळूहळू टेहळणीचे मनोरेही गेले. माणसं इकडे राहून तिकडे नोकरी करायला लागली, शेतकऱ्यांची जमीन दोन्हीकडे. आपण नक्की ब्रिटिश की आयरिश हा प्रश्न सुटला नाही, पण रोज सकाळी त्याचं उत्तर द्यायची गरज राहिली नाही.

मग २०१६. ब्रिटनमध्ये ५१.९ टक्के लोकांनी युरोपियन युनियन सोडायच्या बाजूने मत दिलं, आणि प्रचारात ह्या सीमेबद्दल क्वचितच कोणी बोललं होतं. सोडायचं तर कुठेतरी तपासणी हवी, जमिनीवर केली तर शांतता करार धोक्यात, म्हणून शेवटी ती समुद्रात नेली, म्हणजे ब्रिटनच्याच दोन भागांमध्ये मालाची तपासणी, त्यावर परत उत्तर आयर्लंडमधले ब्रिटनवादी भडकले, २०२३ चा विंडसर करार करून थोडं निस्तरलं. एका बाजूने ओढलं की दुसरीकडून उसवतं.

शेंगेनमध्येही, म्हणजे युरोपातल्या सीमेवर तपासणी नसलेल्या देशांच्या गटातही, २०१५ च्या निर्वासितांच्या लोंढ्यानंतर आणि २०२० च्या कोविडमध्ये देशांनी भराभर सीमेवर तपासणी परत आणली, आणि "तात्पुरती" म्हणून आणलेली काही ठिकाणी वर्षानुवर्षं चालू आहे. माल चालतो, माणूस आला की अंगावर काटा येतो, असं माझं मत झालंय. गरीब देशांच्या गटांत तर हे जास्तच.

प्रश्न: आता म्हणतात ग्लोबलायझेशन संपलं, सगळे शेजारच्या देशात कारखाने हलवतायत. मग शेजारी देश परत जवळ येणार का?

संपलं म्हणणाऱ्यांनी बंदरावर जाऊन कंटेनर मोजावेत. बदल होतोय हे खरं. २०२३ मध्ये अमेरिकेला माल विकणाऱ्यांत मेक्सिकोने चीनला मागे टाकून पहिला नंबर घेतला, ह्याला नीअरशोअरिंग म्हणतात. पण त्या मेक्सिकन कारखान्यांत आत काय असतं? बऱ्याच ठिकाणी चिनी पार्ट्स, काही ठिकाणी मालकही चिनी. अमेरिकेला हेच खुपतंय. शिवाय शेजारी जवळ आला की प्रेम वाढतं असंही तिथं दिसत नाही, नाफ्टाची जागा घेणारा करार २०२० मध्ये लागू झाला, तो स्वतःचा सगळ्यात चांगला करार म्हणवणाऱ्या राष्ट्राध्यक्षांनीच २०२५ मध्ये त्याच दोन शेजाऱ्यांवर टॅरिफ लावले.

आशियात १५ देशांचा आरसेप करार नोव्हेंबर २०२० मध्ये झाला आणि चीन, जपान, कोरिया पहिल्यांदा एका व्यापार करारात आले. भारत आदल्या वर्षीच बाहेर पडला होता, चिनी माल येऊन लहान उद्योग आणि दूध उत्पादक बुडतील ही भीती होती. ती भीती खोटी नव्हती, पण बाहेर राहिल्याने ती साखळीही सुटली जिच्यामुळे आसियान आसियान झाली. माझं मत विचाराल तर आत राहून सवलती आणि वेळ मागून घ्यायला हवा होता. बरेच जण असहमत असतील, पत्रं येतीलच.

प्रश्न: कॉलेजात ह्याच विषयावर प्रोजेक्ट आहे. सुरुवात कुठून करू? करारांची यादी करतोय पण कंटाळा येतोय.

यादी फेकून दे. एक बॉर्डर पकड आणि एक ट्रक पकड. जागतिक बँकेच्या २०२१ च्या एका अहवालात भारत-बांगलादेशच्या पेट्रापोल-बेनापोल नाक्याबद्दल आहे की तिथून माल पार व्हायला १३८ तास लागत होते, त्यातले २८ तास नुसता एका ट्रकमधून काढून दुसऱ्यात भरायला. त्याच अहवालात म्हटलंय की भारतातल्या कंपनीला बांगलादेशपेक्षा ब्राझील किंवा जर्मनीशी व्यापार करणं १५ ते २० टक्के स्वस्त पडतं! आणि पूर्व आफ्रिकेत तेवढाच माल जाणाऱ्या नाक्यांवर सहा तासांच्या आत काम होतं.

आता हा पूर्व आफ्रिकेचा गट म्हणजे कोण, तर केनिया, युगांडा, टांझानियाचा १९६७ मध्ये काढलेला आणि १९७७ मध्ये भांडून मोडलेला गट, इतका मोडला की केनिया-टांझानिया सीमाच कित्येक वर्षं बंद होती. २००० मध्ये त्यांनी तो परत उभा केला. नंतर त्यांनी मालाबा, बुसियासारख्या नाक्यांवर दोन्ही देशांचे कस्टम्सवाले एकाच जागी बसवले म्हणजे ट्रक एकदाच थांबतो. त्याच्याआधी झांबिया-झिंबाब्वेच्या चिरुंडू पुलावर २००९ मध्ये हे करून बघितलं होतं. ते एवढ्या भांडणानंतर परत कसे जमले आणि केनियाने ह्या वेळी काय वेगळं मान्य केलं, तुझा प्रोजेक्ट तिथून सुरू कर. आणि रवांडाने २०१९ मध्ये युगांडाची गाटुना सीमा बंद करून जवळजवळ तीन वर्षं ठेवली तेही बघ, एकाच गटात असून. त्या काळात त्या नाक्यावरचा माल कुठून फिरून गेला ते सापडलं तर मलाही कळव.